आवाज नंतर भरू

"मुडद्याला मुंग्या लागल्या रे," कॅमेऱ्यामागून कुणीतरी म्हणालं आणि शूटिंग पुन्हा थांबलं.

मुडदा उठून बसला. मधुकर त्याचं नाव. एरवी तो भांडुपच्या एका शाळेत शिपाई होता आणि हौसेनं कामगारांच्या नाटकांतून कामं करायचा. त्याच्या छातीवर ओतलेलं रक्त म्हणजे साखरेचा पाक आणि त्यात कालवलेला खाण्याचा लाल रंग. गरिबाच्या सिनेमात रक्तसुद्धा घरीच शिजवावं लागतं. ते दिग्दर्शकाच्या आईनं मुलुंडहून स्टीलच्या डब्यात भरून पाठवलं होतं. सकाळपासून उन्हात पडल्यावर घाटकोपरच्या त्या बंद कारखान्यामागच्या समस्त मुंग्यांना आमंत्रण गेलं, यात नवल नव्हतं. मधुकरनं बनियन झटकला. मरायला आपली ना नाही, पण साल्या काखेत चावतात, असं तो म्हणाला आणि सगळे पोट धरून हसले.

द्रौपदी हसली नाही. ती एका उलट्या पिंपावर पदर डोक्यावरून घेऊन बसली होती. शेजारी चंपा होती, असल्फ्याच्या टेकडीवरची तिची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. एकटीनं कुठं जाऊ नये म्हणून सोबत आलेली. द्रौपदीचं काम सगळ्यांत शेवटी होतं. मुडद्यापाशी बसून रडायचं, एवढंच. ती मुडद्याची आई होती.

दिग्दर्शक तिच्याजवळ येऊन उकिडवा बसला. जयवंत कारखानीस. तिशीचा, दाढीवाला, डोळ्यांखाली जागरणाची वर्तुळं. पूर्वी तो एका सांजपत्रात उपसंपादक होता. आता चार मित्र, भाड्यानं आणलेला एक छोटा कॅमेरा आणि मिळतील तेवढे रविवार एवढ्या बळावर सिनेमा काढत होता. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण ही नुसती हौस नव्हती. त्याला खरोखरच काहीतरी सांगायचं होतं.

"ताई, रीळ थोडंच उरलंय. एकदाच घेणार," तो म्हणाला. "रडायचं आणि तोंडानं बोलत राहायचं. काय हवं ते बोला."

"नंदूचं नाव घेतलं तर चालेल?"

जयवंतनं एकदा कॅमेऱ्याकडे बघितलं. "घ्या की. काय हवं ते बोला. आवाजाची काळजी करू नका, आवाज नंतर भरू."

द्रौपदीला वाटलं, आपला आवाज बारीक पडला तर हे लोक मागाहून मोठा करून घेतील. एका प्रसूतिगृहात आयाचं काम करणाऱ्या बाईनं दुसरं काय समजावं? तो कॅमेरा चालू झाला की शिवणयंत्रासारखा घरघरायचा, आणि सकाळपासून त्याच्या आसपास आवाज टिपणारं एकही यंत्र नव्हतं. पण काय नाही हे दिसायला आधी काय असायला हवं ते ठाऊक लागतं.

नंदू, म्हणजे नंदकिशोर, तिचा मुलगा. त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. गिरण्यांचा संप सुरू होऊन वर्ष उलटलं होतं आणि घरात बाप बसून होता, म्हणून पोरगा टायपिंगचा क्लास करून नोकरी शोधत होता. त्या बुधवारी सकाळी द्रौपदीच्या विळीचं पातं पाटातून निखळलं. विळीला त्यांच्या मालवणाकडे आडाळो म्हणतात, आणि संध्याकाळी बांगडे आणायचे तर आडाळ्याला धार हवीच. तिनं ते पातं जुन्या कागदात गुंडाळलं, कापडी पिशवीत घातलं आणि नंदूला नाक्यावरच्या धारवाल्याकडे पाठवलं. नाक्यावर त्याच वेळी दोन टोळ्या चॉपर घेऊन एकमेकांच्या मागे लागल्या होत्या. पळणारे पळाले. ज्याला पळायचं कारणच ठाऊक नव्हतं तो उभा राहिला.

पोलिसांनी पंचनामा केला आणि त्यात लिहिलं की मृताच्या पिशवीत कागदात लपवलेलं धारदार पातं सापडलं. त्याच संध्याकाळी पेपरात आलं, 'टोळीयुद्धात तीन गुंड ठार.' खाली फोटो होता, पण नंदूचा नाही, द्रौपदीचा. इस्पितळाच्या आवारात एका माणसानं तिला सांगितलं होतं, बाई, जरा मान वर करा. तिला वाटलं, पोलिसांपैकीच कुणी असेल. म्हणून तिनं मान वर केली. फोटो फार सुरेख आला होता. तोंड उघडं, कपाळावर केस, आणि मागे शवागाराचं दार.

तिचं खरं दुखणं मात्र पुढेच होतं. ती बातमी नवऱ्यानं वाचली.

दत्ताराम मोंडकर चोवीस वर्षं साचेवाला होता. गिरणीत मागाला साचा म्हणतात आणि शेकडो साचे एकाच वेळी चालू असलेल्या त्या खात्यात माणसाचे कान पाच-सात वर्षांत जातात. तिथं कुणी कुणाशी ओरडून बोलत नाही, सगळे एकमेकांचे ओठ वाचतात. दत्तारामही त्यात तयार झाला होता. चार साच्यांपलीकडचा मुकादम कुणाला शिवी घालतोय की सुट्टी देतोय हे त्याला उभ्या जागी कळायचं. घरीसुद्धा द्रौपदी काही सांगायचं असलं की दारात, उजेडाकडे तोंड करून उभी राहायची, आणि तो तिच्या ओठांकडे बघत भाकरी खायचा. असा त्यांचा संसार चालला होता आणि बरा चालला होता. बाहेरचं जग मात्र त्याला पेपरातूनच कळायचं. ज्याला रेडिओ नाही, चाळीतल्या गप्पा नाहीत, त्याचा कान म्हणजे पेपर. छापून आलेलं खोटं असू शकतं, हा विचार त्याच्या डोक्यात कधी शिरलाच नव्हता.

त्यातून संपाच्या दिवसांत वस्तीतली चार पोरं खरंच टोळ्यांच्या नादी लागली होती, आणि नंदू दोन महिने घरी उशिरा यायचा. क्लासचं मशीन रिकामं मिळेपर्यंत थांबायचा तो. बापानं विचारलं नव्हतं, पोरानं सांगितलं नव्हतं. दिवसभर बाहेर असलेल्या दत्तारामनं नाक्यावर उभ्या उभ्या ती बातमी दोनदा वाचली आणि घरी न येता थेट एसटी पकडून गाव गाठलं. प्रेत दुसऱ्या दिवशी ताब्यात मिळालं. तो परतला तो दीड महिन्यानं.

तेव्हापासून द्रौपदी विषय काढायची आणि तो मान फिरवायचा. बहिऱ्या माणसाला भांडण संपवायला दार आपटावं लागत नाही. ती समोर गेली तर तो डोळे मिटायचा. एकदा तिनं चंपाच्या मुलीकडून सगळं कागदावर लिहून घेतलं आणि त्याच्या पेपरात घडी करून ठेवलं. त्यानं पहिल्या दोन ओळी वाचल्या, आणि हातानं काय, कोणीय काय पण लिहितं, म्हणून तो कागद चुलीत घातला. मग ती पेपरच्या कचेरीत गेली, तिथले म्हणाले पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणाले तपास चालू आहे. तो अजून चालू आहे. तीन वर्षांत दत्तारामनं मुलाचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. नंदू मेला याचं दुःख एक होतं. तो बापाच्या मनात गुंड म्हणून मेला, हे दुसरं. पहिल्याला इलाज नव्हता, म्हणून तिनं सगळा जीव दुसऱ्यात घातला होता.

आणि एके दिवशी जयवंत प्रसूतिगृहात तिला शोधत आला. तिचा फोटो त्याच्या जुन्या पेपरात छापला होता. तो त्यानं कापून ठेवला होता. मेलेल्या माणसाचं पेपरवाले काय करतात त्याच्यावर आपण सिनेमा काढतोय, असं त्यानं सांगितलं. हेच बघून आपण नोकरी सोडली, असंही म्हणाला. एक अक्षर तो खोटं बोलला नाही. सिनेमा विनोदी आहे, एवढं सांगायचं राहिलं.

मुंग्या झटकून मधुकर पुन्हा आडवा झाला. त्याच्यावर नवा पाक ओतला गेला. द्रौपदी त्याच्या उशाशी बसली. कॅमेरा घरघरू लागला.

कोकणात बाया मेलेल्या माणसापाशी बसून मुकाट रडत नाहीत. त्याला हाका मारतात, त्याची सगळी कहाणी त्यालाच ऐकवतात. काय खायचास, कुणाशी भांडलास, कसा गेलास. सगळा गाव ऐकत असतो आणि त्या रडण्यात कुणी खोटं बोलत नाही, तशी पद्धतच नाही. नंदूच्या वेळी तिला ते जमलं नव्हतं. आधी पोलीस, मग फोटोवाला, मग पांढऱ्या कापडात शिवलेलं गाठोडं. ते रडणं तीन वर्षं तिच्या छातीत तसंच राहिलं होतं. कॅमेऱ्याला गाव समजून तिनं तोंड वर केलं.

"तू गुंड नाय होतंस रे, झिला," ती म्हणाली. "तुझ्या पिशयेत आडाळ्याचा पाता होता. मियाच तुका धाडलंय रे, धार लावूक. सांजेक बांगडे हाडूचे होते म्हणान धाडलंय. येतंय आये, म्हणालंस आणि गेलंस. तुझ्या बापाशीक कोण सांगतला रे आता?"

ती थांबेना. नंदू क्लासमध्ये कुठल्या मशीनवर बसायचा तेही तिनं सांगितलं. बापाचे कान गेले म्हणून लहानपणी त्यानं देवळात काय नवस बोलला होता, तेही सांगितलं. जयवंतनं कट म्हणायचं ते म्हटलंच नाही. रीळ संपून कॅमेरा आपोआप थांबला. मधुकर मेलेलाच पडला होता, पण त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे चाललं होतं. चंपानं येऊन द्रौपदीला उठवलं. जयवंतनं तिला वाकून नमस्कार केला. खरोखर केला, पायांना हात लावून.

घरी जाताना द्रौपदीला कितीतरी दिवसांनी भूक लागली.

आठ महिन्यांनी कार्ड आलं. मुलुंडच्या एका थेटरात रविवारी सकाळी साडेनऊला खेळ. सिनेमाचं नाव 'आजचा मुडदा'. द्रौपदीला नावात काही वावगं वाटलं नाही, मुडद्याचाच सिनेमा होता तो. खाली कलाकारांची नावं होती आणि त्यांत शेवटून दुसरं, 'द्रौपदी मोंडकर'. तिनं ते कार्ड दत्तारामच्या पुढ्यात ठेवलं. त्यानं चष्मा लावला. त्या नावावरून त्याचं बोट एकदा गेलं, पुन्हा गेलं. बायकोचं नाव छापून आलं होतं.

येणार का, असं तिनं उजेडात उभं राहून विचारलं. कशाचा सिनेमा आहे ते बोलली नाही. तो म्हणाला, "येतंय."

त्या आठवड्यात ती दोनदा कामात चुकली. एकदा एका बाळाला दोनदा आंघोळ घातली. चंपाला ती सारखं एकच विचारत होती, पेपराहून सिनेमा मोठा असतो ना गं? चंपा म्हणाली, पेपर काय, दुसऱ्या दिवशी त्यात चणे बांधतात. मग तिला एवढीच धास्ती उरली की दत्तारामला सिनेमातला आवाज ऐकू कसा येणार. चंपानं त्यावरही तोड काढली. तोंड तर दिसेल ना तुझं, ती म्हणाली, भिंतीएवढं दिसेल. मान फिरवून फिरवून फिरवणार कुठं?

रविवारी तिघं बसनं मुलुंडला गेली. दत्तारामनं इस्त्रीचा सदरा घातला होता. थेटर निम्मं भरलं होतं. झब्बेवाले, झोळीवाले, कॉलेजची मुलं, दोन-चार पेपरवालेसुद्धा. ही तिघं मधल्या रांगेत बसली.

सिनेमा सुरू झाला आणि पाच मिनिटांत थेटर हसायला लागलं. पडद्यावर एक संपादक होता, तो रोज सकाळी विचारायचा, आज फक्त एकच? एक फोटोग्राफर होता, तो खून होण्याआधीच जागेवर पोचायचा आणि मारेकऱ्याला म्हणायचा, जरा उजेडात घ्या, साहेब. खून पडेनात तेव्हा पेपराचा खप घसरला, आणि मालकानं खून करणाऱ्यांना दिवाळीची भेट पाठवली. हे सगळं खरंच फार चांगलं केलं होतं, आणि त्यातलं बरंचसं खरंही होतं. चंपासुद्धा दोनदा हसली आणि मग द्रौपदीकडे बघून गप्प झाली.

द्रौपदीला काही उमजेना. लोक का हसताहेत? मग मधुकर पडद्यावर मेला. फोटोग्राफरनं खिशातून कंगवा काढून त्याचे केस नीट केले आणि कडेला वळून म्हणाला, "बाई, जरा मान वर करा." हे तिनंच जयवंतला सांगितलं होतं. लोक खदखदून हसले, आणि पडद्यावर द्रौपदीनं मान वर केली.

तिचं तोंड खरंच भिंतीएवढं होतं. ते उघडलं आणि त्यातून भलत्याच बाईचा आवाज आला. नाटकातल्यासारखा किनरा, लाडात आलेला.

"पहिल्या पानावर आलास रे माझ्या राजा! चार कॉलम आलास! अहो, पण रंगीत का नाही छापला हो?"

थेटर कोसळलं. पुढच्या रांगेतला एक मुलगा हसता हसता पुढच्या खुर्चीवर पालथा पडला. कापून ठेवलेला तो फोटो जयवंतला चांगला फळला होता. तिचं ते रडणं त्यानं एकदा नाही, चार ठिकाणी वापरलं होतं. खप वाढला की पडद्यावर ती यायची, दर वेळी त्याच रडण्याचा पुढचा तुकडा आणि दर वेळी नवं वाक्य. एकदा ती फोटोच्या दोन प्रती मागत होती, एकदा धाकट्यालाही पाठवू का विचारत होती. लोक तिसऱ्या वेळेपासून ती दिसताच हसू लागले. चंपानं तिचा हात घट्ट धरला होता. द्रौपदीला वाटलं, आपण उठून पडद्यापुढं उभं राहावं आणि सांगावं की हा आवाज माझा नाही. पण चंपा हात सोडेना. एकच गोष्ट तिनं मागितली होती, आणि तीच सगळ्यांदेखत उलटी करून तिच्या तोंडात घातली होती.

तिनं घाबरून नवऱ्याकडे बघितलं. तो हसत नव्हता. त्याला हसण्याचा कल्लोळ ऐकू येत नव्हता, ती किनरी बाईही ऐकू येत नव्हती. तो खुर्चीच्या कडेवर पुढे सरकून बसला होता, आणि त्याचे ओठ अगदी बारीक हलत होते. गिरणीत नवा नवा लागला तेव्हा असाच तिच्या ओठांमागे आपले ओठ हलवायचा. मग तिला समजलं. आवाज त्यांनी बदलला होता, पण तोंड तिचंच होतं. त्या सबंध थेटरात एक माणूस असा होता की ज्याला ती काय बोलली ते कळत होतं.

चौथ्या वेळी ती पडद्यावरून गेली तेव्हा दत्तारामनं चष्मा काढला आणि पुढचा सिनेमा बघितला नाही.

बाहेर पायऱ्यांवर जयवंतभोवती गर्दी होती. त्यानं तिला पाहिलं आणि गर्दी सोडून आला. त्याचा चेहरा उजळला होता. ताई, सगळ्यांत जास्त दाद तुमच्या सीनला, असं म्हणता म्हणता तो अडखळला.

"माझा आवाज कुठं गेला?" तिनं विचारलं.

"आवाज तेव्हा घेतलाच नव्हता, ताई. तो कॅमेरा मुका असतो. आवाज नंतर भरतात."

"मग बोला कशाला म्हणालात?"

"तोंड हलायला हवं होतं," जयवंत म्हणाला. आणि ते आपल्याच कानांनी ऐकल्यावर घाईघाईनं पुढं म्हणाला, "लोक तुम्हाला नाही हसले, ताई. पेपरवाल्यांना हसले. सिनेमा तुमच्याच बाजूनं आहे."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो लबाड नव्हता, हे तिला दिसत होतं. तेवढ्यात एक गृहस्थ तिला ओळखून थांबले, हात जोडून म्हणाले, "बाई, मेलो हो हसून हसून," आणि गेले. जयवंतनं खाली बघितलं.

चंपा बसचा थांबा बघायला पुढं गेली. दत्ताराम पायऱ्यांच्या खालच्या टोकाला उभा होता. द्रौपदी जवळ येताच त्यानं तिला दंडाला धरून वळवलं, तिच्या तोंडावर ऊन पडेल अशी. बहिऱ्या माणसाचा आवाज त्याच्या ताब्यात नसतो. तो बोलला ते अर्ध्या रस्त्यानं ऐकलं.

"आडाळ्याचा पाता होता?"

तिनं मान हलवली.

"तूच धाडलंस तेका?"

"मियाच."

"माका सांगलंस कित्या नाय?"

तीन वर्षं ती ज्या क्षणाची वाट बघत होती तो हाच. तो आला तेव्हा तिच्या मनात आनंद नव्हता, नुसता संताप होता, आणि तोही थकलेला.

"तुमी बघलात खय?" ती म्हणाली.

ते त्यानं नीट वाचलं. त्याचा चेहरा हळूहळू म्हातारा होत गेला. नंदू गुंड नव्हता, हे कळल्याबरोबर दुसरी एक गोष्ट त्याला कळायला लागली होती, आणि ती थांबवणं कुणाच्याच हातात नव्हतं. मग त्यानं विचारलं, पहिल्यापेक्षा मोठ्यानं.

"तेका अग्नी कोणी दिल्यान?"

आजूबाजूचे लोक वळून बघू लागले. द्रौपदीनं तीन वर्षांत हे कुणापाशी काढलं नव्हतं आणि त्या दिवशी मसणात असलेल्या चौघांनीही काढलं नव्हतं. चंपाचा नवरा म्हणाला होता, वहिनी, माझ्या हातचा चालत असला तर मी देतो. ती म्हणाली होती, भावजी, तुमच्या हातचा चालेल, पण त्याचा बाप जिवंत आहे, दुसऱ्या पुरुषानं कशाला? मसणातल्या माणसानं आधी कुरकुर केली आणि मग पलिता तिच्या हातात दिला. मडकं खांद्यावर घेऊन तीच फिरली होती. एका फेरीला पाय अडखळला तेवढाच.

"मिया," ती म्हणाली.

हा शब्द वाचायला काही लागत नाही. ओठ एकदा मिटून उघडतात.

दत्तारामचे ओठ हलले. चोवीस वर्षं तो तिच्याशी ओरडूनच बोलत आला होता, शेजारी हसले तरी. आज त्याच्या घशातून आवाज निघाला नाही, नुसते ओठ हलले, बराच वेळ हलले. द्रौपदी डोळे ताणून बघत राहिली. तिनं इतकी वर्षं त्याला आपले ओठ वाचायला दिले होते, पण त्याचे वाचायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. तो नंदूचं नाव घेत होता, की तिचं, की माफी मागत होता, की तिला शिव्या देत होता, तिला काही कळेना.

"काय म्हणालात?" तिनं विचारलं.

त्यानं नुसती मान हलवली आणि तिथंच पायरीवर बसला. सिनेमा सुटून बाहेर पडणारे लोक त्याला वळसा घालून जाऊ लागले. कुणीतरी किनऱ्या आवाजात ते चार कॉलमवालं वाक्य म्हणून दाखवत होतं आणि त्याचे मित्र हसत होते. रस्त्यापलीकडून चंपा हात करून बोलवत होती, बस आली होती. द्रौपदीनं तिला जा म्हणून खुणावलं आणि पदर सावरून ती नवऱ्याशेजारी बसली. त्याचं तोंड दिसावं म्हणून ती त्याच्याकडे वळली, पण तोवर त्याचे ओठ मिटले होते.